उसनी जादू

१७ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘बिविच्ड’ ही विनोदी मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात नवी नवरी नवऱ्याला सांगून टाकते की मी चेटकीण आहे. नवरा डॅरिन जाहिरात कंपनीत नोकरीला. सभ्य, मध्यमवर्गीय, साहेबाला वचकून असणारा. धक्क्यातून सावरल्यावर तो एकच अट घालतो: जादू बंद. स्वयंपाक हाताने, झाडलोट हाताने, चारचौघींसारखा संसार. सॅमँथा ती अट मान्य करते आणि पुढची आठ वर्षं दर आठवड्याला मोडते. नाकाचा शेंडा जरा हलवला की काम झालं. तिची आई एंडोरा या लग्नावर कायमची रुष्ट. जावई दशमग्रह असतो हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याचं नावसुद्धा ती कधी धड घेत नाही.

या पुस्तकाचा विषय जपानी शाळकरी मुली आणि त्यांच्या जादूच्या कांड्या, मग सुरुवात अमेरिकन गृहिणीपासून का, असं वाचकाला वाटेल. कारण ही गृहिणी १९६६ मध्ये जपानी बोलू लागली. टीबीएस वाहिनीवर ‘बिविच्ड’ डब होऊन आली आणि लोकांना आवडली. त्याच वर्षी मित्सुतेरु योकोयामा यांनी ‘रिबोन’ या मुलींच्या मासिकात सॅली नावाच्या छोट्या चेटकिणीची चित्रकथा सुरू केली. योकोयामा तोवर ओळखले जात ते ‘तेत्सुजिन २८’ या महाकाय यंत्रमानवाच्या, म्हणजे पक्क्या मुलग्यांच्या गोष्टींसाठी. सॅलीच्या मुळाशी सॅमँथा आहे याबद्दल जाणकारांत फारसा वाद नाही. ५ डिसेंबर १९६६ला तोएई कंपनीने सॅलीची अ‍ॅनिमेशन मालिका पडद्यावर आणली. ती दोन वर्षं चालली, १०९ भाग झाले, आणि जपानी लोक ज्याला ‘महो शोजो’ म्हणतात त्या जादूच्या मुलींच्या कथाप्रकाराचा आरंभ तिच्यापासून धरला जाऊ लागला.

समुद्र ओलांडताना चेटकीण लहान झाली. सॅमँथा लग्न झालेली बाई. सॅली जादूच्या राज्यातून पृथ्वीवर आलेली, शाळेत जाणारी मुलगी. नवरा नाही, संसार नाही, केरवारा नाही. जादू करू नकोस असं रोज बजावणारं कुणी नाही. पण अट गेली असं समजायचं कारण नाही. ती पुढे ढकलली गेली एवढंच. सॅलीला आपण कोण आहोत हे मैत्रिणींपासून लपवावं लागतं, आणि शेवटी गुपित उघड झाल्यावर आपल्या राज्यात परत जावं लागतं. माणसांमधले तिचे दिवस मोजलेले असतात. जादू आहे, पण मुदतीची.

या सबंध कथाप्रकाराकडे मी या एका प्रश्नातून पाहतो: मुलीच्या हातातली जादू तिच्या मालकीची, की उसनी? आणि उसनी असेल तर परत कधी करायची? पाश्चात्त्य प्रभाव म्हटलं की लोक टोकदार टोप्या, झाडू, राजवाडे आणि सोनेरी केस मोजत बसतात. ते सगळं आहेच. पण जपानने अमेरिकेकडून चेटकीण घेतली ती तिच्या अटीसकट घेतली, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ती अट मोडायला जपानमध्ये पंचवीस वर्षं गेली, आणि पुढे पश्चिमेने जपानकडून जे नेलं त्यात ही अट मोडलेली मुलगीच सर्वांत मोलाची होती.

आपल्याकडे जपानी अ‍ॅनिमे म्हटलं की डोरेमॉन आणि शिनचॅन आठवतात. जादूच्या मुलींचं हे घराणं आपल्याला तितकं परिचित नाही, म्हणून ठळक ओळख करून द्यायला हवी. नायिका साधारण नऊ ते चौदा वर्षांची. तिला एखादी वस्तू मिळते: आरसा, कांडी, लॉकेट, पत्त्यांचं पुस्तक. ती वस्तू हाती घेऊन मंत्र म्हटला की तिचं रूप पालटतं. सोबतीला बहुधा एखादं बोलणारं मांजर किंवा तत्सम प्राणी, जो अर्धा गुरू आणि अर्धा कटकट्या. घरच्यांना काही कळू द्यायचं नाही. ‘सोनपरी’ या हिंदी मालिकेतली मृणाल कुलकर्णींची परी काही वाचकांना आठवेल. पण तिथे जादू परीची असते आणि मुलगी तिला हाक मारते. इथे हाक मारायला कुणी नसतं. जे करायचं ते मुलीने स्वतः.

आता सॅलीपाशी सगळं सुरू झालं असं म्हणणं सोयीचं असलं तरी पुरतं खरं नाही. फुजिओ आकात्सुका यांची ‘हिमित्सु नो अक्को-चान’ ही चित्रकथा त्याच ‘रिबोन’मध्ये १९६२ साली सुरू झाली होती, म्हणजे सॅमँथाचा जन्मही व्हायच्या आधी. अक्को अगदी साधी मुलगी. आपल्या फुटक्या आरशाला तिने मायेने वागवलं म्हणून तिला जादूचा आरसा मिळतो, आणि त्यात पाहून ती हवं ते रूप घेऊ शकते. वस्तूंनाही जीव असतो, त्यांना नीट निरोप द्यावा, ही धारणा जपानी मातीतली. तिला कुठल्याही अमेरिकन मालिकेची गरज नव्हती. गंमत अशी की अक्कोची अ‍ॅनिमेशन मालिका आली १९६९ मध्ये, सॅलीने वाट करून दिल्यावर. त्यामुळे इतिहासात धाकटी थोरली झाली आणि थोरली धाकटी.

त्याच्याही मागे ओसामु तेझुका आहेत. १९५३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘रिबोन नो किशी’ या चित्रकथेत राजकन्या सफायरला जन्मतः दोन हृदयं आहेत, एक मुलाचं आणि एक मुलीचं, आणि ती राजपुत्र म्हणून तलवार चालवते. तेझुका लहानाचे मोठे झाले ताकाराझुका गावात, जिथल्या संगीत नाटक मंडळीत सर्व भूमिका, पुरुषांच्यासुद्धा, मुलीच करतात. स्त्री-भूमिका गाजवणारे बालगंधर्व ज्यांच्या घरात अजून आठवले जातात, त्या मराठी वाचकाला हा उलटा प्रकार पटकन उमगेल. पण या मंडळीचा थाट आला कुठून? १९२७ साली त्यांनी ‘मोन पारी’ नावाचा प्रयोग केला तो पॅरिसच्या रंगमंचावरचं झगमगतं रिव्ह्यू डोळ्यांसमोर ठेवून. पिसांचे पोशाख आणि उंच जिने ताकाराझुकात तेव्हापासून रुजले. म्हणजे इथे पश्चिम कुठे संपते आणि जपान कुठे सुरू होतो हे शोधायला निघालं की प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी सापडते. मला त्यात फार अर्थ दिसत नाही. कुणी काय घेतलं यापेक्षा घेतलेल्याचं काय केलं, तिकडे पाहावं.

सत्तरच्या दशकात तोएईने ही चाकोरी पक्की केली. १९७०ची ‘महो नो माको-चान’ ही अँडरसनच्या जलपरीची पुतणी. माणसाच्या प्रेमापायी समुद्र सोडून आलेली. १९७४ची ‘माजोक्को मेगु-चान’ खोडकर आणि चिडकी, शिवाय तिला नॉन नावाची तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाली. याच काळात गो नागाई यांची ‘क्युटी हनी’ आली, १९७३ मध्ये. हनी खरं तर यंत्रमानव, आणि प्रेक्षक म्हणून डोळ्यांपुढे होते ते मुलगे. तिचं रूप बदलताना कपडे क्षणभर नाहीसे होतात, हे आकर्षण उघडच होतं. पण लढण्यासाठी रूप पालटणारी नायिका तिच्यापासून पुढे आली. मुलींच्या लाडक्या कथाप्रकारातला सर्वांत ओळखीचा क्षण मुलग्यांना खूश करायला काढलेल्या मालिकेतून आला, हे सत्य गोड नाही, पण टाळताही येत नाही.

रूपांतराचा हा क्षण इतका का पसरला याचं एक रोकडं कारण आहे. दर आठवड्याला वीस-बावीस मिनिटांचं अ‍ॅनिमेशन काढायचं आणि हाताशी पैसा तुटपुंजा. अशा वेळी एकदा सुंदर काढून ठेवलेला तुकडा दर भागात पुन्हा वापरता आला तर चित्रकारांचे श्रम वाचतात. जपानी स्टुडिओत अशा जपून ठेवलेल्या दृश्यांना ‘बँक’ म्हणतात. फिती उलगडतात, प्रकाश फिरतो, बूट चढतात, केस वाढतात. तीच चित्रं, तेच संगीत, प्रत्येक भागात. प्रेक्षक मुलींना मात्र ती काटकसर वाटली नाही. रोजच्या आरतीसारखं ते पाठ झालं आणि त्या क्षणाची वाट पाहिली जाऊ लागली. दुसरं कारण खेळणी. अक्कोचा आरसा मालिकेत छोट्या डबीसारखा दाखवला होता. तशा डब्या दुकानांत आल्या. तेव्हापासून नायिकेच्या हातात काय असावं यात खेळण्यांच्या कंपनीचं मत मोलाचं ठरू लागलं. नव्या कांड्या विकायच्या म्हणून वर्षातून एकदा नायिकेची जुनी शक्ती कमी पडू लागते आणि तिला नवी मिळते. कथेच्या मागणीपेक्षा सणासुदीच्या खरेदीचं वेळापत्रक यात जास्त असतं.

या व्यवहाराचा सर्वांत कडू विनोद १९८२च्या ‘मिंकी मोमो’मध्ये आहे. आशी प्रॉडक्शन्सची ही मालिका ताकेशी शुदो यांनी लिहिली, तेच शुदो जे पुढे ‘पोकेमॉन’चे मुख्य लेखक झाले. मोमो जादूने मोठी होते, कधी परिचारिका, कधी पोलीस, कधी आणखी कुणी. खेळण्यांच्या कंपनीने हात आखडता घेतला, आणि शेहेचाळिसाव्या भागात शक्ती गमावलेली मोमो एका ट्रकखाली सापडून मरते. ट्रक खेळण्यांनी भरलेला. ही प्रायोजकाला दिलेली चपराक, अशी चाहत्यांमध्ये समजूत आहे, आणि खरं सांगायचं तर ती समजूत इतकी चपखल आहे की कुणाला सोडवत नाही. लहान मुलांच्या मालिकेत नायिकेचा असा मृत्यू तेव्हा कुणी पाहिला नव्हता. पुढे मालिका लांबली, मोमो पुन्हा जन्मली, आणि एकूण ६३ भाग झाले.

पण उसन्या जादूची सर्वांत नितळ गोष्ट पुढच्या वर्षीची. स्टुडिओ पिएरोची ‘क्रीमी मामी’ १ जुलै १९८३ला सुरू झाली. दहा वर्षांच्या यू मोरिसावाला परग्रहावरच्या एका पाहुण्याकडून कांडी मिळते, बरोब्बर एक वर्षासाठी. कांडी फिरवली की ती सोळा-सतरा वर्षांची तरुणी होते, आणि योगायोगाने क्रीमी मामी नावाची लोकप्रिय गायिका बनते. नायिकेचा आवाज आणि गाणी ताकाको ओता यांची, ज्या स्वतःच तेव्हा नव्या गायिका म्हणून पुढे येत होत्या. मालिकेतली गायिका आणि बाहेरची गायिका एकाच वेळी घडवली गेली. यूची अडचण अशी की ज्या तोशिओवर तिचा जीव, त्याचा जीव मामीवर. स्वतःचीच सवत होण्याचा हा प्रकार. वर्ष संपतं, शेवटचा कार्यक्रम होतो, जादू परत जाते. यू पुन्हा दहा वर्षांची, तोशिओच्या शेजारी. मोठं होण्याची घाई नको, आहेस तशी पुरे आहेस, असं ही मालिका मुलीला सांगते. यात माया आहे. पण यात डॅरिनचीही सावली आहे: जादू सोड, मग साधं सुख मिळेल.

हायाओ मियाझाकी यांनी तरुणपणी तोएईत असताना ‘सॅली’च्या काही भागांवर काम केलं होतं. १९८९मध्ये त्यांनी एइको कादोनो यांच्या कादंबरीवरून ‘किकी’चा चित्रपट केला. त्यातल्या युरोपी शहरासाठी स्टॉकहोम आणि व्हिस्बी नजरेसमोर होती. किकी झाडूवर बसून सामान पोहोचवते, भाडं भरते, आजारी पडते. तिची जादू म्हणजे तिचं कसब. मन खचलं की तेही आटतं. ती जादू कुणाला परत द्यायची नसते, जपायची असते. हा चित्रपट महो शोजोच्या परंपरेत धरायचा की नाही यावर वाद घालणारे घालोत. परंपरेवरची ती सर्वांत समंजस टीका आहे एवढं नक्की.

आतापर्यंतची नावं पाहिली तर ध्यानात येईल की मुलींच्या या गोष्टी रचणारे बहुतेक पुरुष होते. सत्तरच्या दशकात मुलींच्या मासिकांतली चित्रकथा मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी हातात घेतली. पडद्यावर तो बदल उशिरा पोहोचला आणि पोहोचला तेव्हा दणक्यात. नाओको ताकेउची या औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या चित्रकर्तीने १९९१मध्ये ‘सेलर व्ही’ ही एकट्या नायिकेची गोष्ट काढली होती. तोएईला त्यात मालिका दिसली; एकटीऐवजी पाच जणींची तुकडी झाली, आणि ‘नाकायोशी’ मासिकात ‘सेलर मून’ सुरू झाली. ७ मार्च १९९२ला मालिका आली आणि १९९७च्या फेब्रुवारीपर्यंत तिचे २०० भाग झाले. पाच रंगांच्या पाच वीरांची तुकडी ही १९७५च्या ‘गोरेंजर’पासून मुलग्यांच्या मालिकांतली मिरासदारी. ताकेउचींनी ती उचलून मुलींच्या गोटात आणली.

‘सेलर मून’मध्ये पूर्व आणि पश्चिम कशा गुंतल्या आहेत हे पाहण्यासारखं आहे. नायिका उसागी चौदा वर्षांची, रडकी, आळशी, परीक्षेत नापास होणारी. अंगात नाविक कॉलरचा गणवेश. तो मुळात ब्रिटिश आरमाराचा. १९२०च्या सुमारास जपानी मुलींच्या शाळांनी घेतला आणि सत्तर वर्षांत इतका आपला केला की जगाला तो जपानीच वाटतो. मैत्रिणींची नावं रोमन देवतांच्या ग्रहांवरून. पण बुधाची मुलगी पाण्याने लढते, मंगळाची आगीने, आणि गुरूच्या मुलीचं नातं झाडांशी, कारण चिनी-जपानी पंचमहाभूतांत हे ग्रह अनुक्रमे जल, अग्नी आणि काष्ठाचे. खलनायकांची नावं जेडाइट, नेफ्राइट, झॉइसाइट अशी खनिजांची. ती रसायनांच्या शाळेत शिकलेल्या बाईची खूण. मागच्या जन्मीचं प्रेम चंद्रदेवता आणि एंडिमिऑन यांच्या ग्रीक कथेवरून. आणि नायक? टक्सिडो घातलेला, गुलाब फेकून येणारा, दिसायला ऐटबाज. पण संकटातून त्यालाच सोडवावं लागतं, तेही वारंवार.

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे पहिल्यांदा बदलतं. भविष्यात उसागी राणी होते, लग्न करते, तिला चिबिउसा नावाची मुलगी होते, आणि तिची शक्ती तशीच राहते, किंबहुना वाढते. मोठं झालं, लग्न झालं, मूल झालं, तरी कांडी परत द्यायची नाही. सॅमँथाला जे साधलं नाही ते या रडूबाईने साधलं. ही क्रांती होती हे तेव्हा कुणाच्या फारसं लक्षात आलं नसावं, कारण सगळे कांड्या विकण्यात गुंतले होते.

अमेरिकेत मात्र ही क्रांती खोक्यातून उतरवतानाच खरचटली. १९९३मध्ये ‘पॉवर रेंजर्स’ने धंदा केला होता, म्हणून आता मुलींसाठी तसंच काहीतरी, असा हिशेब. १९९५मध्ये डीआयसी कंपनीने ‘सेलर मून’ इंग्रजीत आणली. उसागीची सेरिना झाली. काही भाग गाळले. झॉइसाइट हा पुरुष दुसऱ्या पुरुषावर प्रेम करतो म्हणून त्याला बाई केलं. पहिल्या पर्वाच्या शेवटी सगळ्या मैत्रिणी एकेक करून मरतात. अमेरिकेत दोन भाग कापून एक केला आणि त्या मेल्या नाहीत, फक्त पकडल्या गेल्या असं सांगितलं. प्रत्येक भागाच्या शेवटी दात घासा, मित्रांशी नीट वागा अशा थाटाची तात्पर्यं चिकटवली. पुढच्या पर्वातल्या युरेनस आणि नेपच्यून या प्रेमिकांना २०००च्या सुमारास दुसऱ्या कंपनीने चुलत बहिणी करून टाकलं. बहिणींचं ते एकमेकींकडे पाहणं पाहून मुलं आणखीच गोंधळली असतील.

अनेक शहरांत मालिका भल्या पहाटे लागायची. मुली उठायच्या आत संपायची. ती बंद पडायला आली तेव्हा चाहत्यांनी ‘सेव्ह अवर सेलर्स’ नावाची मोहीम काढली आणि १९९७मध्ये ठरवून एकाच दिवशी पॉप-टार्ट्स विकत घेतले, कारण त्यांची जाहिरात या मालिकेत लागायची. बहिष्काराच्या बरोबर उलटा हा मार्ग. १९९८मध्ये कार्टून नेटवर्कच्या टूनामी या संध्याकाळच्या पट्ट्यात मालिका आली तेव्हा कुठे ती शाळेतून घरी आलेल्या मुलांच्या हाती लागली. न कापलेली, नव्याने डब केलेली आवृत्ती यायला २०१४ उजाडलं.

‘कार्डकॅप्टर साकुरा’ची कथा आणखी बोलकी. क्लॅम्प या चार चित्रकर्तींच्या गटाची ही निर्मिती. १९९८ ते २०००मध्ये ७० भाग. साकुरा दहा वर्षांची, हरवलेले जादूचे पत्ते गोळा करते, आणि शेवटी ते पत्ते तिच्या स्वतःच्या नावाचे होतात. इथेही उसनवारी संपते, पण मेहनतीने. अमेरिकेत २०००मध्ये तिचं ‘कार्डकॅप्टर्स’ झालं आणि सुरुवात केली आठव्या भागापासून, कारण तिथे मुलगा पहिल्यांदा येतो. नायिकेच्या मालिकेत नायक आधी हवा! सत्तरपैकी जेमतेम ३९ भाग तिथल्या किड्स डब्ल्यूबीवर दाखवले. मुलग्यांना आवडावं म्हणून कापलेली ही मालिका मुलग्यांनाही फारशी भावली नाही आणि मुलींचीही राहिली नाही.

युरोपने जास्त मोकळेपणाने स्वीकारलं. इटलीत ‘क्रीमी मामी’ १९८५मध्येच पोहोचली होती. तिथली एक पिढी जपानी मालिकांवरच वाढली. त्यातून २००१मध्ये ‘विच’ ही पाच मैत्रिणींची इटालियन चित्रकथा आली आणि २००४मध्ये इजिनिओ स्ट्राफी यांची ‘विंक्स क्लब’. फ्रान्समध्ये थॉमा आस्त्र्युक यांनी ‘मिराक्युलस’ची कल्पना रचली. तिच्या निर्मितीत चक्क तोएईचा हात होता. तिची नायिका मारिनेट पॅरिसच्या पाववाल्याची मुलगी. हिंदीत डब झालेली ही लेडीबग आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ठाऊक आहे. तिच्या जगात जादूचे दागिने कधी कधी मैत्रिणींना वापरायला दिले जातात आणि काम झालं की मागून घेतले जातात. जुना प्रश्न पॅरिसमध्येही सुटलेला नाही.

अमेरिकेत पहाटे उठून ‘सेलर मून’ पाहणाऱ्या मुली पुढे स्वतः कार्टून काढू लागल्या. रेबेका शुगर यांनी २०१३मध्ये ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ आणली. तिथे गुलाबी ढाल घेऊन लढणारा मुलगा आहे, आणि महो शोजोचे जवळपास सगळे संस्कार त्याच्यावर झालेले आहेत. डॅरन नेफसी यांच्या ‘स्टार व्हर्सेस द फोर्सेस ऑफ ईव्हिल’मध्ये स्टारला चौदाव्या वाढदिवशी घराण्याची कांडी मिळते, आणि २०१९च्या शेवटच्या भागात ती जादूच समूळ नष्ट करते, कारण त्या जादूने पिढ्यान्‌पिढ्या अन्याय पोसला आहे असं तिला दिसतं. डोमी शी यांच्या २०२२च्या ‘टर्निंग रेड’ चित्रपटात २००२च्या टोरोंटोतली तेरा वर्षांची मेई लाल पांडा होते. तिच्या आईने, आजीने, मावश्यांनी आपापला पांडा विधी करून दागिन्यात बंद केला आहे; आता तिची पाळी. मेई नकार देते. ही काही कांडी फिरवणारी मुलगी नाही, पण तिचा नकार मला या घराण्यातला सर्वांत स्पष्ट नकार वाटतो. डॅरिनच्या अटीला दिलेलं उत्तर कॅनडातल्या एका चिनी घरातून आलं.

जपान इकडे थांबला नव्हता. १ फेब्रुवारी २००४ला तोएईने ‘फुतारी वा प्रिक्योर’ सुरू केली. दिग्दर्शक दाइसुके निशिओ ‘ड्रॅगन बॉल झी’ करून आलेले, त्यामुळे कांडी बाजूला आणि थेट हाणामारी. फ्रॉक घातलेल्या दोघी राक्षसांना उचलून आपटतात. वीस वर्षांहून जास्त काळ दर वर्षी नव्या नायिका येत आहेत, आणि २०२३च्या मालिकेत नियमित तुकडीत एक मुलगाही सामील झाला. त्याआधी ‘ओजामाजो दोरेमी’ने (१९९९ ते २००३) वेगळी वाट घेतली होती: अखेरीस मुलींना खऱ्या चेटकिणी होऊन शेकडो वर्षं जगण्याची मुभा मिळते, आणि त्या ती नाकारतात. आपली माणसं डोळ्यांदेखत म्हातारी होताना पाहायची नाहीत म्हणून. इथे जादू परत करणं हा त्यांचा स्वतःचा निर्णय आहे, कुणी घातलेली अट नाही. फरक केवढा मोठा आहे!

एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. ‘मिंकी मोमो’ आणि ‘क्रीमी मामी’च्या काळापासून या मालिकांना मोठ्या पुरुषांचा एक प्रेक्षकवर्ग मिळाला. पुढे केवळ त्यांच्यासाठी, रात्री उशिरा लागणाऱ्या मालिका निघाल्या. त्यातल्या काही चांगल्या आहेत. बऱ्याच मालिकांत लहान मुलींच्या देहाकडे पाहण्याची नजर किळसवाणी आहे, आणि परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे उगाच गुळमुळीत शब्दांत मांडू नये.

रात्री उशिराच्या त्याच वेळेत, जानेवारी २०११मध्ये, ‘मादोका माजिका’ आली. स्टुडिओ शाफ्ट, दिग्दर्शक आकियुकी शिन्बो, लेखक गेन उरोबुची. क्युबे नावाचा गोजिरवाणा पांढरा प्राणी मुलींना विचारतो: तुझी एक इच्छा पूर्ण करतो, बदल्यात जादूची मुलगी होशील? करारात बारीक अक्षरांत काय लिहिलं आहे ते तो सांगत नाही. चेटकिणींशी लढणाऱ्या या मुलीच अखेरीस चेटकिणी होतात. मालिकेत गटेच्या ‘फाउस्ट’चे संदर्भ जागोजागी पेरलेले आहेत आणि सर्वांत भयंकर चेटकिणीचं नाव वाल्पुर्गिसनाख्त, जर्मन लोककथेतली चेटकिणींची रात्र. ११ मार्चच्या भूकंपानंतर प्रक्षेपण थांबलं आणि शेवटचे भाग एप्रिलच्या अखेरीस दाखवले गेले. सॅमँथाची विनोदी अट पंचेचाळीस वर्षांत सैतानाशी केलेला सौदा झाली. इथे जादू परत करायची सोयच नाही. मुलीने ती परत करायची ठरवली तरी घेणारा कुणी नाही.

पुढच्या प्रकरणांत यातल्या एकेका मालिकेचा सविस्तर परामर्श आहे. वाचकाने ती कुठल्याही क्रमाने वाचावीत. पाहताना मात्र माझं ऐकावं आणि ‘मादोका’पासून सुरुवात करू नये. हल्ली ती सगळीकडे सर्वोत्तम म्हणून सुचवली जाते, आणि बारा भागांत संपते म्हणून सोयीचीही आहे. पण ज्याने ‘क्रीमी मामी’चा शेवटचा कार्यक्रम पाहिला नाही आणि उसागीला रडत-रडत उठून उभं राहताना पाहिलं नाही, त्याला क्युबेने नेमकं काय लुबाडलं ते कळणार नाही, त्याला फक्त एक दुःखी गोष्ट दिसेल. आधी यूच्या एका वर्षाला वेळ द्या, मग ‘सेलर मून’चं पहिलं पर्व, न कापलेलं. मग खुशाल करार वाचायला बसा.